उंदीर पडला का?

आमच्या शेजारचे मास्तर दिवाळीचा अंक काढतात. या खेपेला ते म्हणाले, "तुमच्या कामातला एक शब्द घ्या आणि त्यावर लिहा. मोठं काही नको." माझ्या कामात शब्दच एक होता. उंदीर. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, तेव्हा शुद्धलेखन मास्तर बघून घेतील. गोष्ट मात्र त्यांनी बदलायची नाही.

मी बेळगावात म्युनिसिपालिटीच्या प्लेगच्या कामावर होतो. पहिल्या लढाईच्या आधी लागलो. काम सांगायला सोपं. सकाळी खाकी सदरा घालायचा, झाकणाचा पत्र्याचा डबा आणि हातभर लांब चिमटा घ्यायचा, एक गल्ली धरायची आणि दारोदार विचारत जायचं, "उंदीर पडला का?"

ज्यांनी ते दिवस बघितले नाहीत त्यांना सांगतो. प्लेग आधी उंदराला येतो. उंदीर घरात मरतो, त्याला 'पडला' म्हणायचं. मेला असं कोणी म्हणत नव्हतं. तो गार झाला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उतरतात आणि माणूस शोधतात. मग चार-सहा दिवसांनी माणसाला ताप भरतो, डोळे लाल होतात, जांघेत नाहीतर काखेत गाठ येते. एकदा गाठ आली की डॉक्टरही दारातूनच बोलायचा. म्हणजे उंदीर पडल्यावर आपल्या हातात थोडे दिवस असतात. तेवढ्यात घर रिकामं करायचं, कौलं काढून ऊन आत सोडायचं, फिनेल मारायचं, चुना लावायचा आणि माणसं माळावर झोपड्यांत न्यायची. ते थोडे दिवस मिळावेत म्हणून मी दारं वाजवत होतो. लोक तेच दिवस माझ्यापासून लपवत होते.

लोक खुळे नव्हते. रिकाम्या घरात चोर शिरायचे. झोपडीत थंडी-वारा, बाळंतिणींचे हाल. आणि विणकरांचं तर निराळंच. आमच्याकडचा माग जमिनीत खड्डा खणून बसवलेला असतो. विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, खाली पावड्या दाबतो आणि वर हातानं धोटा फेकतो. भांडी-कुंडी डोक्यावर घेऊन माळावर जाता येतं, खड्डा कसा नेणार? घर सोडलं की माग बंद. म्हणून विणकर गल्लीत मला नेहमी एकच उत्तर, "न्हाय. आमच्यात काय न्हाय."

त्यात पुन्हा नावाची अडचण.

मी स्वतः विणकराचाच. लहानपणापासून बघत आलो, आमच्या गल्लीत उंदीर हे नाव कोणी तोंडातून काढत नव्हतं. त्याला 'धाकले धनी' म्हणायचं. दिवसा मागाचा धनी विणकर, दिवा गेला की हे. नाव घेतलं तर आपल्याला बोलावलंय असं समजून येतो आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, कुरतडतो अशी भीती. महिन्याचा ताणा एका रात्रीत भुसा करून ठेवणारं जनावर आहे ते. बायका दोघांचंच नाव घेत नसत, नवऱ्याचं आणि उंदराचं. आता गल्लीनं माझंच नाव 'उंदऱ्या' ठेवलेलं. उंदऱ्या म्हटलं की मी येतो, धनी येत नाहीत, म्हणून ते चालायचं. माझी बायको गोदा म्हणायची, "माझी एका दमात सुटका झाली बघा. एकच नाव टाकलं की दोन्ही टळतात."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं ह्या धन्यांचा सण असतो. माग बंद ठेवायचा, झाडून-पुसून त्याला हळदकुंकू लावायचं आणि मागाच्या काठाला उंदराला जेवण वाढायचं. वर्षभर ताणा सोडून दे बाबा, एवढंच मागणं. सणाचं नाव इलीवार. इली म्हणजे कानडीत उंदीर. मग हे नाव कसं चालायचं? तर कानडीत नाव घेतलेलं त्याला कळत नाही, त्याला मराठीच येतं, असा आमचा समज. आणि शेजारची कानडी घरं? ती बिनदिक्कत 'उंदीर' म्हणायची, पण 'इली' म्हणताना तोंडावर हात. त्यांचा उंदीर कानडी, आमचा मराठी.

हे ध्यानात आल्यावर मी माझी रीत बदलली. मराठी दारात कानडीत विचारायला लागलो, "इली बिद्दद एन्री?" आणि कानडी दारात मराठीत, "उंदीर पडला का?" आमच्या प्लेगच्या साहेबाला वाटायचं मी खुळा आहे. पण उत्तरं यायला लागली. एक मराठी म्हातारी सहा महिने मला "न्हाय" म्हणत होती. कानडीत विचारल्यावर दारामागून हळूच म्हणाली, "एरडू बिद्दाव." दोन पडलेत. मग मराठीत म्हणाली, "मी काय बोलले न्हाय हं, उंदऱ्या."

मास्तरांना मी विचारलं, ह्या जनावराला उंदीर का म्हणतात? ते म्हणाले, मूळ शब्द उंदुर. 'उंद्' म्हणजे भिजवणं, म्हणून जो ओलं करत फिरतो तो उंदुर, असं पंडित सांगतात. पण नाव जुनं आणि अर्थ मागाहून बसवलेला, असंही असू शकतं. दुसरं नाव मूषक. त्याचं मात्र पक्कं, मूषक म्हणजे चोरणारा. मी म्हटलं, पहिला अर्थ ज्यानं काढला त्याच्या घरात माग असणार. सकाळी ताण्यावर पिवळे डाग ज्यानं बघितले त्यालाच हे सुचेल. मास्तर हसले. मला हसू आलं नाही. मी विचार करत बसलो. नाव ठेवणाऱ्या जुन्या माणसांनी त्याला मुतरा म्हटलं, चोर म्हटलं. म्हणजे ती त्याला भीत नव्हती. आपण भ्यालो आणि नावच टाकून दिलं. 'धाकले धनी' ह्या नावाचा अर्थ कोणी विचारला तर मी एवढाच सांगेन, भीती.

गमती नव्हत्या असं नाही. शहरात दोन वकिलांची घरं भिंतीला भिंत लावून होती. पहिल्याच्या परसात उंदीर पडला. आपलं घर बंद होईल म्हणून त्यानं तो भिंतीवरून पलीकडं टाकला. पलीकडच्यानं परत टाकला. मी तीन दिवस दोन्ही दारांत विचारत होतो आणि दोघंही इंग्रजी शब्द घालून मला कायदा सांगत होते. चौथ्या दिवशी उंदीर भिंतीवरच सापडला. अर्धी शेपटी तुटलेली होती. मी चिमट्यानं उचलून दोघांना दाखवला, म्हटलं, "साहेब, हा कुणाच्या नावावर लिहू?" दोघांनीही एकमेकांकडं बोट केलं. मी दोन्ही घरं रिकामी करवली. पहिल्याची स्वयंपाकीण पुढच्या आठवड्यात गेली. तेव्हा हसलेलं मला अजून खातं.

एका साली मला निपाणीला पाठवलं, तिथला माणूस काम सोडून पळाला होता म्हणून. तंबाखूच्या वखारीचा मालक म्हणाला, "तंबाकूत उंदीर ऱ्हातोय व्हय? शिंकून मरंल त्यो." मी आत गेलो. बायका पानं निवडत ओळीत बसलेल्या. पण ओळ सरळ नव्हती. एका कोपऱ्याजवळ ती आत वळली होती, जसं पाण्याचं डबकं चुकवून माणसं चालतात तसं. मी एकीला म्हटलं, "आक्का, तिकडं का बसत न्हायसा?" ती म्हणाली, "तिकडं बसवत न्हाय." बस, एवढंच. मी तिथले बोद, म्हणजे तंबाखूची गच्च भरलेली मोठी पोती, हलवायला लावली. खाली सात पडलेले. मालक पांढराफटक झाला. त्या दिवशी शिकलो की तोंड लपवतं ते पाय सांगतात.

आणखी एक शिकलो. ज्या घरात उंदरांचा गोंधळ आहे त्या घराला भ्यायचं नाही. घर गप्प झालं की भ्यायचं. आढ्यावर खुडबुड नाही, फडताळामागं सळसळ नाही, दाणे सांडले तरी दुसऱ्या दिवशी तसेच. अशा घरात पाऊल टाकलं की माझ्या पोटऱ्यांना मुंग्या यायच्या. मला प्लेगचं टोचलेलं होतं तरी.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

गोदाचे वडील आप्पा. सगळी गल्ली त्यांना आप्पाच म्हणायची, मीही. गोदाची आई आधीच गेलेली. आप्पा एकटे, एका मागावर. हात असा की धोटा फेकताना नुसतं मनगट हलायचं. गणपतीला गोदा माहेरी जायची, त्यांचं करायला. त्या साली ती दोन दिवस आधी गेली. मी इलीवारी दुपारी जेवायला गेलो. डबा-चिमटा घरी ठेवून, पांढरं धोतर नेसून, जावई म्हणून.

माग पुसून ठेवला होता. अर्धं विणलेलं लग्नाचं लुगडं त्याच्यावर तसंच, वर स्वच्छ पंचा झाकलेला. मागाच्या काठाला केळीच्या पानावर भात आणि वडे. रीत अशी की सकाळी पान वाढायचं, त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि सगळे बाहेर बसायचे. दुपारी दार उघडायचं. पान विस्कटलेलं दिसलं की धनी जेवले. मग माणसं जेवायची. दर साली पान विस्कटलेलंच असायचं.

आप्पांनी दार उघडलं. पान जसंच्या तसं होतं. भाताच्या मुदीला नखाएवढाही धक्का नव्हता. मुंग्यांची एक रांग लागली होती तेवढीच.

आप्पा हसले. "प्वाट भरल्यालं असंल धन्यांचं."

मी वर बघितलं. आढं गप्प. त्या घरात मी लग्नापासून येत होतो. बोलणं थांबलं की वर खुडबुड ऐकू यायची. त्या दिवशी काही नाही. माझ्या पोटऱ्या आखडल्या. आणि तोंडातून निघून गेलं, रोजच्या सवयीनं, तेही मराठीत, "आप्पा, उंदीर पडला का?"

स्वयंपाकघरात गोदाच्या हातातलं उलथनं थांबलं.

"जावईबापू!" आप्पा म्हणाले. त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही, त्या दिवशीही नाही. "आजच्या दिवशी नाव घेतासा? डबा घरी ठिवून आलासा, त्वांड बी घरी ठिवून यायचं हुतं."

"आप्पा, पान कुणी शिवलं न्हाय."

"न्हाय शिवलं तर न्हाय शिवलं. दमानं येतील. ह्या घरात काय बी पडल्यालं न्हाय. गोदे, पानं घे."

गोदानं पानं घेतली. माझ्याकडं बघितलं नाही.

मी काय करायला पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर मी उठून साहेबाला आणलं असतं. संध्याकाळच्या आत कौलं निघाली असती. पण ते लुगडं मागावर होतं, कुणाच्या तरी लग्नाचं. आप्पा माळावर झोपडीत बसून दिवाळीपर्यंत हात चोळत बसणार. आणि गल्ली म्हणणार, उंदऱ्यानं सासऱ्याचंच घर खाल्लं. हे सगळं माझ्या मनात आलं. मी बसलो आणि जेवलो. पांढऱ्या धोतरावर पिसवेचा काळा ठिपका हलतो का, हे बघत जेवलो. चव लागली नाही.

जेवण झाल्यावर मी पोट धरलं. म्हटलं, पोटात कळ येतेय, गोदा, घरी चल, मला कोण बघणार.

"चार वडे जास्त खाल्लासा, आता भोगा," ती म्हणाली. "गवरी झाल्यावर येते."

"आत्ता चल."

माझा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. तिनं गाठोडं बांधलं. आप्पांनी तिच्याबरोबर वडे बांधून दिले आणि दारात उभे राहिले. "ओवा खावा, जावईबापू. बरं वाटंल."

बायकोला मी त्या घरातून काढलं. आप्पांना ठेवलं.

त्या संध्याकाळी हजेरीच्या वहीत आप्पांच्या गल्लीपुढं मी लिहिलं, 'काही नाही'. उद्या सांगू असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. आतून आप्पांच्या मागाचा आवाज येत होता. सण झाला, माग सुरू झाला. खट, खट, खट. मी त्या आवाजावरूनच परत फिरलो. माणूस विणतोय म्हणजे बरा आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या, पाचव्या दिवशीही. मी रोज गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ऐकायचो, आणि ऐकू आलं की पाय हलके व्हायचे. ते खड्ड्यात पाय सोडून बसलेत हे मला रोज दिसत होतं. मी डोळ्यांपुढून ते बाजूला सारायचो.

सहाव्या दिवशी आप्पांचा माग गप्प होता.

मी तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात शेजारची बसव्वा बाहेर आली. कानडी बाई, आप्पांच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. तोंडाला पदर धरलेला. म्हणाली, "गोदाला घेऊन या. आप्पाला ताप आहे. रातच्यापास्नं उठले न्हाईत."

गोदा धावत आली, मी मागनं. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. डोळे लाल, जीभ जड. पांघरूण काढल्यावर जांघेत अंड्याएवढी गाठ. मी कितीतरी माणसांच्या गाठी बघितल्या होत्या. ही मी पांघरुणानं परत झाकली.

इस्पितळाचं नाव काढल्यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गोदा तीन दिवस त्यांच्याजवळ होती. तिला टोचलेलं नव्हतं. दर साली मी सांगायचो आणि दंड सुजतो म्हणून ती पळायची. मी म्हटलं, "तू बाहेर बस, मी करतो." तिनं ऐकलं नाही. मी दारातून तिच्या हाताकडं, पायाकडं बघत राहायचो. आप्पांपेक्षा मी तिच्याकडंच जास्त बघत होतो. हे लिहायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. शेवटी त्यांचे पाय हलत होते, पावड्या दाबल्यासारखे.

स्मशानातून परत आल्यावर गोदा मागाजवळ उभी होती. म्हणाली, "तुमास्नी एक सांगायचं हाय. गणपतीच्या दिवशी सकाळी धाकले धनी पडलते. इथं, मागाजवळ."

तिनं बोटानं जागा दाखवली.

"आप्पा म्हणाले, गणपतीच्या दिवशी त्याच्या वाहनाला उकिरड्यावर टाकायचं न्हाय. जावयाला बी सांगायचं न्हाय. मी आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि मागाच्या खड्ड्यात पुरलं. त्यांची जागा मागाखालीच असती म्हणाले. तुमी विचारलासा तवा मी वड्यांवर उलथनं धरून हुते. माझ्या त्वांडातनं निघालं न्हाय. मी मारलं माझ्या बापाला."

त्या खड्ड्यात आप्पा चार दिवस पाय सोडून बसले होते.

पिसवा मराव्यात म्हणून मी खड्ड्यात घासलेट ओतलं, भरपूर ओतलं, आणि तिला म्हटलं बाहेर जा. तिनं माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं. "पुरलं मी, काढणार बी मीच." मी तिच्या घोट्यांवर, हातांवर घासलेट चोळलं. तिनं उकरलं. फडकं निघालं. मी घरून आणलेल्या चिमट्यानं धरलं तरी तिनं मला डब्यात टाकू दिलं नाही. "आदी भायेर चला."

दारात आली. अंगावर घासलेटाचा वास, केस सुटलेले. गल्लीतली माणसं आपापल्या उंबऱ्यात उभी होती. अंत्ययात्रेनंतर असतात तशी, जवळ कोणी नाही. गोदानं माझ्या हातातल्या चिमट्याकडं बोट केलं आणि ओरडली,

"उंदीर पडला! माझ्या बापाच्या घरात उंदीर पडला!"

पुढच्या घरातल्या म्हातारीनं कानांवर हात ठेवले. कोणीतरी म्हणालं, "गोदे, नाव घेऊ नको गं!"

"घेणार. उंदीर! उंदीर पडलता. मी पुरला. तुमच्यात कुणाच्यात पडलाय? बोला की!"

मला वाटलं आता दगड येतील. मग बसव्वा उंबऱ्यावरून खाली उतरली. तिनं तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाली, "नम्म मन्यागू इली बिद्दद." आमच्याही घरात पडलाय. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या दारात. इतकी वर्षं मी त्या दारात मराठीत विचारत होतो.

मग समोरून आवाज आला, "आमच्यात बी. परवा." मग टोकाच्या घरातून. मग त्या म्हातारीच्या सुनेनं, सासूकडं न बघता. मी डबा घेऊन धावत होतो. तो भरला म्हणून बसव्वाची घागर घेतली. संध्याकाळच्या आत अख्खी गल्ली माळावर निघाली. माग उघडे, कौलं उतरलेली, घरांत ऊन पडलेलं. मी एवढ्या वर्षांत एवढी गल्ली एका दिवसात कधी रिकामी केली नव्हती. ती मी केलीच नव्हती.

माळावरचे पुढचे दिवस मला नको वाटतात. गोदा रोज सकाळी उठायची आणि मी तिच्या कपाळाला हात लावायचा. शेकोटीजवळ बसली की अंग गरम लागायचं. "लांब बस," मी म्हणायचो. "थंडी वाजतीया," ती म्हणायची. थंडी वाजतेय म्हणाली की त्याहून जास्त भीती. चौथा दिवस, पाचवा, सहावा. नवव्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "हात काढा की कपाळावरनं, चटणी वाटायची हाय." मी झोपडीमागं जाऊन रडलो.

त्या गल्लीतली आणखी दोनच माणसं गेली. ती आधीच तापानं पडलेली होती.

त्यानंतर गोदा माझ्याबरोबर यायला लागली. तिला कोणी नेमलं नव्हतं. मी दारात उभा राहायचो आणि ती आत चुलीपर्यंत जायची. बायका तिला सांगायच्या. खानापूरच्या बाजूला, कंग्राळीला, कुठंही. ती कानडी-मराठीची माझी रीत पाळत नव्हती. मराठी बाईला मराठीत आणि कानडीला कानडीत विचारायची, "उंदीर पडला का?" आणि आधी स्वतःचं सांगायची, "माझ्यात पडलता, मी लपवला, माझा बाप गेला." हे ऐकल्यावर कोण खोटं बोलेल? मला साहेबानं शाबासकी दिली ती तिच्या कामाची.

पण ती प्रत्येक दारात ते सांगत होती आणि मी प्रत्येक दारात ते ऐकत होतो. माझा बाप मी मारला. तीस वर्षांच्या आसपास ऐकलं. मी एकदाही म्हटलं नाही की गोदे, मला त्या दुपारीच कळलं होतं. तुझ्या बापाचं घर बंद करण्याचं काम माझं होतं. मी तुला तेवढं काढलं. उंदराचं नाव ह्या गावात मी सगळ्यात जास्त वेळा घेतलं असेल, आणि बायकोपुढं हे एक वाक्य निघालं नाही. भीती वाटली. ती सोडून जाईल म्हणून नाही. जाणार कुठं? ती माझ्याकडं कशी बघेल ह्याची.

गोदा गेल्या श्रावणात गेली. दम्यानं. शेवटच्या दिवसांत बसूनच असायची, आडवं होता येत नव्हतं. एके दिवशी दुपारी मी तिची पाठ चोळत होतो. तिनं न वळता विचारलं,

"अवं, त्या इलीवाराला मला तिथनं का आणलंतासा?"

माझा हात थांबला. एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. आणि मी, सत्तरीला आलेला माणूस, दार वाजवणाऱ्याला लोक जसे भितात तसा भ्यालो.

"पोटात दुखत हुतं," मी म्हणालो.

तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पाणी द्या."

मी पाणी दिलं. तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.